तीन घड्याळे : चिपचा धंदा, शेअरचा भाव आणि कामगाराची नोकरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला अर्धवाहकांच्या, म्हणजे ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात चिप म्हणतो त्यांच्या, कंपन्यांच्या शेअरमधील तेजी-मंदीवर बोलायला सांगितले, तेव्हा माझ्या काही सहकाऱ्यांना ते रुचले नाही. ‘दलालाचे काम कामगार संघटनेच्या माणसाने कशाला करावे?’ असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. दहावी झाल्यावर कारखान्यात लागलो, आणि पुढे जे काही शिकलो ते वेतनकराराच्या वाटाघाटीत शिकलो. मालकपक्ष ‘कंपनीला परवडत नाही’ असे म्हणू लागला की ताळेबंद उघडून पाहावा लागतो. ताळेबंद पाहता पाहता शेअरचा भाव पाहण्याचीही सवय लागते. आणि मग एक गोष्ट ध्यानात येते, की कंपनीचा धंदा, तिच्या शेअरचा भाव आणि तिच्या कामगाराची नोकरी ही तीन निरनिराळ्या घड्याळांवर चालतात. तिन्ही घड्याळांत एकाच वेळी बारा वाजले, असे सहसा घडत नाही. चिपच्या धंद्यात हा फरक जितका उघडा पडतो, तितका दुसऱ्या धंद्यात क्वचितच पडत असेल.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असेही कोणी समजू नये. मोटार, धुलाईयंत्र, मोबाइल, विजेचा मीटर, यांपैकी काहीच आता चिपवाचून चालत नाही. अमेरिकेतील शेअर घेणारे म्युच्युअल फंड आपल्या गावातही विकले जातात, आणि निवृत्त झालेल्या माणसाची पुंजी त्यांत जाते. शिवाय २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने चिपउद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे शेअर घेतला नाही तरी करदाता या नात्याने आपण या धंद्यात केव्हाच ओढले गेलो आहोत.

कारखान्याचे घड्याळ

प्रथम धंद्याची गोष्ट. १९४७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला. १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर बसविण्याची युक्ती स्वतंत्रपणे काढली, आणि चिप तयार झाली. तेव्हापासून हा धंदा वाढतच गेला आहे. परंतु सरळ रेषेत कधीच नाही. १९९५ साली जगातील चिपची विक्री १४४ अब्ज डॉलर होती; पुढच्याच वर्षी ती १३२ अब्जांवर आली. २००० साली ती २०४ अब्ज झाली. २००१ साली १३९ अब्ज. एका वर्षात धंद्याचा एकतृतीयांश भाग गळून पडला! २०१८ साली ४६९ अब्ज, २०१९ साली ४१२ अब्ज. २०२२ साली ५७४ अब्ज, २०२३ साली ५२७ अब्ज, आणि २०२४ साली पुन्हा उसळून ६०० अब्जांच्या वर. दर तीन-चार-पाच वर्षांनी ही भरती-ओहोटी ठरलेली.

असे का व्हावे? लोकांना चिप एका वर्षी हव्या आणि दुसऱ्या वर्षी नको, असे तर होत नाही. कारण शोधायला फार लांब जायला नको. आपला कांदा पाहा. एका वर्षी भाव चढला की पुढच्या हंगामात जो तो कांदाच लावतो. सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग कोणी लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. १९२० च्या दशकात आर्थर हानाऊ या जर्मन अभ्यासकाने डुकरांच्या भावात हेच चक्र दाखवून दिले होते. भाव आज दिसतो, माल उद्या येतो, आणि मधल्या काळात शेजाऱ्यानेही तोच विचार केलेला असतो. सगळे मर्म एवढ्यात आहे.

कांद्याचा हंगाम काही महिन्यांचा असतो. चिपच्या कारखान्याचा हंगाम वर्षांचा असतो. तैवानच्या टीएसएमसी कंपनीने अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कारखाना काढण्याचे मे २०२० मध्ये जाहीर केले. तेथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले ते २०२४ च्या अखेरीस. साडेचार वर्षे! ज्या भावाकडे पाहून पाया खणला, तो भाव छप्पर पडेपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार?

दुसरे कारण यंत्रांच्या किमतीत आहे. एका आधुनिक कारखान्याला दहा-वीस अब्ज डॉलर लागतात. त्या मानाने कच्चा माल आणि मजुरी हा खर्च थोडा. मोठा वाटा यंत्रांच्या घसाऱ्याचा. यंत्र चालवले तरी घसारा आणि बंद ठेवले तरी घसारा. म्हणून भाव पडला तरी कारखानदार कारखाना लवकर थांबवत नाही. चालू खर्च निघतो तोवर तो माल काढतच राहतो, आणि त्याच्या मालाने भाव आणखी पडतो. माहिती साठविणाऱ्या चिपमध्ये, म्हणजे मेमरीत, हे सर्वांत तीव्रतेने घडते, कारण तेथे एका कंपनीचा माल दुसऱ्या कंपनीच्या मालासारखाच असतो. जपानची एल्पिडा ही कंपनी निप्पॉन इलेक्ट्रिक आणि हिताची या दोन बलाढ्य कंपन्यांचे मेमरीविभाग एकत्र करून उभी केलेली. तिनेही फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळे काढले, आणि पुढे अमेरिकेच्या मायक्रॉनने ती विकत घेतली.

तिसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. समजा, एका दुकानदाराला शंभर नग हवे आहेत. घाऊक व्यापारी सांगतो, ‘टंचाई आहे, साठच मिळतील.’ दुकानदार काय करतो? पुढच्या वेळी दीडशे नोंदवतो. तेही तीन व्यापाऱ्यांकडे. प्रत्येक व्यापारी ती मागणी खरी समजून आणखी थोडी वाढवून कारखान्याकडे पाठवतो. चाबकाची मूठ वीतभर हलली की टोक दहा हात फिरते, तसा हा प्रकार. टंचाई सरली की दुकानदार जादा नोंदणी रद्द करतो, आणि काल फुगलेली मागणी आज दिसेनाशी होते. सिस्को या इंटरनेटची उपकरणे करणाऱ्या कंपनीला २००१ साली सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरचा साठा अशाच रीतीने खर्ची टाकावा लागला.

एक पुरता फेरा

ही तिन्ही कारणे एकत्र कशी चालतात ते आपण सर्वांनी अलीकडेच अनुभवले आहे. २०२० च्या उन्हाळ्यात, महामारीच्या भीतीने, मोटार कंपन्यांनी चिपची नोंदणी रद्द केली. इकडे घरी बसलेल्या लोकांनी लॅपटॉप आणि दूरचित्रवाणी संच घेण्याचा सपाटा लावला, आणि रिकामी झालेली यंत्रे त्या मालासाठी लागली. वर्षअखेर मोटारींना गिऱ्हाईक परत आले, तो चिप शिल्लक नाही! सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे चाळीस टक्के राहील असे सांगितले. महिंद्र कंपनीने त्याच महिन्यात मोटार विभागाच्या कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद राहील असे जाहीर केले. काही रुपयांच्या तुकड्यासाठी लाखो रुपयांची गाडी अडून राहिली.

मग सगळ्यांनी गरजेपेक्षा अधिक माल नोंदवला. चिप कंपन्यांनी नव्या कारखान्यांच्या घोषणांचा पाऊस पाडला. आणि २०२२ च्या मध्यावर लोकांची लॅपटॉपची हौस फिटली, महागाईने खिसा हलका झाला, आणि मेमरीचे भाव कोसळू लागले. मायक्रॉनची विक्री ऑगस्ट २०२२ ला संपलेल्या वर्षात ३०.८ अब्ज डॉलर होती. पुढच्या वर्षी ती १५.५ अब्ज झाली, म्हणजे बरोबर निम्मी, आणि कंपनीला ५.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. टंचाईपासून सुकाळापर्यंतचा हा प्रवास अवघ्या दोन वर्षांत झाला.

शेअरबाजाराचे घड्याळ

आता दुसरे घड्याळ. अमेरिकेत चिप कंपन्यांच्या शेअरचा एक स्वतंत्र निर्देशांक आहे; फिलाडेल्फिया निर्देशांक म्हणून तो ओळखला जातो आणि १९९३ पासून चालू आहे. वर सांगितलेल्या दोन वर्षांत त्याने काय केले ते पाहा. २०२२ साली जगातील चिपविक्रीने तोवरचा उच्चांक केला. त्या वर्षी निर्देशांक एकतृतीयांशाहून अधिक घसरला. २०२३ साली विक्री आठ टक्के घटली, कंपन्यांनी तोटे जाहीर केले. त्या वर्षी निर्देशांक साठ टक्क्यांहून अधिक चढला! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल की छापणाऱ्याने आकडे उलटसुलट केले.

आमच्या संघटनेतील एक निवृत्त टर्नर मला नेमके हेच विचारायला आले होते. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी ग्रॅच्युइटीतील काही रक्कम परदेशी तंत्रज्ञानाच्या फंडात घातली होती. ‘दादा,’ ते म्हणाले, ‘पेपरात लिहिलंय कंपनीला विक्रमी नफा झाला, आणि माझे पैसे कमी झाले. हा कुठला हिशेब?’ मी त्यांना विचारले, ‘तुम्ही आंब्याची बाग मोहोर पाहून घ्याल की पेट्या पाहून?’ ते म्हणाले, ‘पेट्या तर यंदाच्या झाल्या. घेणारा पुढचा मोहोर बघणार.’ उत्तर त्यांचेच होते. शेअर घेणारा कंपनीचा गेलेला नफा घेत नाही. तो तर मिळून गेला. तो येणारा नफा घेतो. म्हणून गोदामात माल साचू लागला, मेमरीचा रोखीचा भाव नरमला, सर्वच कंपन्या एकदम नवे कारखाने काढू लागल्या, की नफा अजून चढत असतानाच शहाणा गुंतवणूकदार बाहेर पडू लागतो. आणि तोटा पराकोटीला गेला, कंपन्यांनी उत्पादन कमी केले, गोदामे रिकामी होऊ लागली, की तो आत येतो. सर्वसाधारणपणे शेअरचे घड्याळ कारखान्याच्या घड्याळाच्या सहा-नऊ महिने पुढे असते.

यातून एक सापळा तयार होतो, आणि त्यात नवखा माणूस हमखास अडकतो. शेअर स्वस्त की महाग हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे : भावाला दर शेअरमागच्या नफ्याने भागायचे. भागाकार लहान आला तर शेअर स्वस्त. साबणाच्या किंवा औषधाच्या कंपनीला ही रीत बऱ्यापैकी लागू पडते. चिपच्या कंपनीला ती उलटी लागू पडते. मायक्रॉनला २०१८ च्या हिशेबवर्षात शेअरमागे साडेअकरा डॉलर नफा झाला. त्या वर्षी मे महिन्यात शेअरचा भाव साठ डॉलरच्या थोडा वर होता. भागाकार पाच-सहा! याहून स्वस्त काय असणार? डिसेंबरात तोच शेअर तिशीच्या आसपास होता. उलट २०२३ साली कंपनी तोट्यात होती, भागाकार काढायलाच नफा नव्हता. आणि त्याच वर्षात भाव पन्नासच्या आसपास होता तो ऐंशीच्या वर गेला. शिखरावरचा नफा पुढेही टिकेल असे धरून चालणे हा सापळा आहे. दिवाळीच्या महिन्यातील गल्ला बाराने गुणून हलवायाच्या दुकानाची किंमत कोणी करील काय?

मनाचा झोका

येथवर जे सांगितले ते हिशेबाचे झाले. परंतु बाजार नुसत्या हिशेबावर चालता, तर झोका धंद्याच्या झोक्याएवढाच राहिला असता. प्रत्यक्षात तो कितीतरी मोठा असतो. कारण प्रत्येकजण कंपनीकडे पाहत नाही. इतर लोक कंपनीकडे कसे पाहतील याकडे पाहतो. केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली शेअरबाजाराला अशा सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती, की जिच्यात आपल्याला आवडलेला चेहरा निवडायचा नसतो. इतरांना कोणता आवडेल तो ओळखायचा असतो. अशा स्पर्धेत भाव चढणे हेच भाव चढण्याचे कारण होते.

मार्च २००० मध्ये फिलाडेल्फिया निर्देशांक शिखरावर होता. इंटरनेट सगळे जग बदलणार, मग चिपची मागणी कधी थांबणारच नाही, असे त्या वेळचे बोलणे. आणि ध्यानात घ्या, की ते बोलणे मुळात खोटे नव्हते! इंटरनेटने जग खरोखरच बदलले. चिपच्या जागतिक विक्रीने २००० चा आकडा २००४ साली ओलांडला. धंदा चार वर्षांत सावरला. निर्देशांक मात्र ऑक्टोबर २००२ पर्यंत ऐंशी टक्क्यांहून अधिक कोसळला, आणि त्याला मार्च २००० ची पातळी पुन्हा गाठायला सतरा-अठरा वर्षे लागली.

इंटेलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ऑगस्ट २००० मध्ये तिचा शेअर ७५ डॉलरच्या घरात होता. पुढच्याच महिन्यात विक्री अपेक्षेहून कमी होईल असे कंपनीने सांगितले, आणि एका दिवसात शेअर बावीस टक्के पडला. त्या वर्षी कंपनीचा नफा १०.५ अब्ज डॉलर होता. वीस वर्षांनी, २०२० साली, तो २०.९ अब्ज होता. नफा दुप्पट झाला, विक्री दुपटीहून अधिक झाली. पण ऑगस्ट २००० चा भाव पुढची पंचवीस वर्षे दिसला नाही. कंपनी चांगली असणे आणि तिचा शेअर घेणे शहाणपणाचे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे भाव असतो, आणि भाव मन ठरवते.

हा झोका आपल्याकडेही लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त आणि फॉक्सकॉन यांचा १.५४ लाख कोटी रुपयांचा चिप-प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार हे कळल्यावर महाराष्ट्रात केवढे रण पेटले ते आपणांस आठवत असेल. त्याच वेळी शेअरबाजारात वेदान्त लिमिटेडचा भाव उसळला. मग कंपनीनेच खुलासा केला, की हा प्रकल्प आपला नसून आपल्या सर्वांत वरच्या मालक-कंपनीचा आहे. आणि भाव खाली आला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरच पडली. कारखाना कोणत्या राज्यात जावा यावर भांडणारे आपण, कारखाना नेमका कोणाचा आहे हे विचारायचे विसरलो, आणि शेअर घेणारेही विसरले.

ही तेजी निराळी आहे काय?

आता आपण विचाराल, की २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने जी तेजी आली ती कोणत्या जातीची? एन्व्हिडियाची वार्षिक विक्री जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या वर्षात सुमारे २७ अब्ज डॉलर होती. दोन वर्षांनी ती १३०.५ अब्ज झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्या सर्व शेअरांची किंमत ५ लाख कोटी डॉलरवर गेली. जगातील कोणतीही कंपनी तोवर तेथे पोहोचली नव्हती.

ही तेजी निराळी आहे असे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. २००० साली पुष्कळ गिऱ्हाईक कंपन्या उसन्या पैशावर उभ्या होत्या. या तेजीतील सर्वांत मोठी गिऱ्हाइके जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्या आहेत. नफा कागदावरचा नाही, रोकडा आहे. संगणकाला लागणारी मुख्य मेमरी करणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्या : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यामुळे पूर्वीसारखी बेफाम स्पर्धा होणार नाही, असेही ते म्हणतात.

दुसरी बाजू अशी, की प्रत्येक तेजीत ‘या वेळची गोष्ट निराळी’ असे म्हणणारे भेटतात, आणि प्रत्येक वेळी काहीतरी खरोखरच निराळे असते. १९९५ साली घरोघरी संगणक होता, २००० साली इंटरनेट, २०१८ साली मोठमोठी माहिती-केंद्रे. वस्तू निराळी असते. कारखाना बांधायला लागणारी वर्षे, घसारा आणि जादा नोंदणी करणारा दुकानदार हे तेच असतात. श्रीमंत असली तरी थोडीच गिऱ्हाइके असणे हाही धोका आहे. त्यांतल्या दोघांनी हात आखडला की पुरे. २७ जानेवारी २०२५ रोजी एका चिनी संस्थेने कमी खर्चात चांगला बुद्धिमान कार्यक्रम तयार केल्याच्या वार्तेने एन्व्हिडियाचा शेअर एका दिवसात सतरा टक्के पडला. सुमारे ५९० अब्ज डॉलर कागदावरून पुसले गेले. त्या दिवशी कंपनीचे एकही यंत्र बंद पडले नव्हते, एकही नोंदणी रद्द झाल्याचे वृत्त नव्हते. काही महिन्यांत ते सगळे भरूनही निघाले. पडणे आणि चढणे, दोन्ही मनाचेच होते. ही तेजी कोणत्या वर्षी उतरेल हे भविष्य मी सांगणार नाही. चक्र मोडले गेल्याचा पुरावा मला दिसत नाही, एवढेच म्हणतो.

कामगाराचे घड्याळ

तिसऱ्या घड्याळाकडे येतो, कारण मी येथे उभा आहे तो त्यासाठी.

डिसेंबर २०२२ मध्ये मायक्रॉनने सुमारे दहा टक्के नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, आणि पुढे तो आकडा पंधरा टक्क्यांपर्यंत नेला. आता मघाचे आकडे आठवा. शेअरने तळ गाठून वर जायला सुरुवात केली ती नेमकी याच सुमारास. बाजाराच्या घड्याळात पहाट झाली होती. कामगाराच्या घड्याळात रात्रपाळी सुरू होत होती. यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. कपात, उत्पादनबंदी, यंत्रखरेदी पुढे ढकलणे ही मंदी सरण्याची चिन्हे म्हणून बाजार वाचतो, आणि बाजाराच्या दृष्टीने ते वाचन बरोबरही असते. परंतु शेअर घेणारा चुकला तर विकून मोकळा होतो. घर, मुलांची शाळा आणि कर्जाचे हप्ते विकून मोकळे होता येत नाही. जाताना कामगार धंद्याबरोबर खाली जातो, आणि येताना सर्वांत शेवटी वर येतो. तोही परत बोलावला गेला तर.

याला उपाय आहे का? कोरियातील कामगारांनी एक वाट दाखविली आहे. २०२३ साली सॅमसंगच्या चिप विभागाला सुमारे १५ लाख कोटी वॉनचा तोटा झाला आणि त्या विभागाच्या कामगारांचा वार्षिक नफा-बोनस शून्यावर आला. बोनसचा हिशेब कोणत्या सूत्राने होतो ते आम्हांला कळले पाहिजे, ही मागणी घेऊन तेथील संघटनेने २०२४ च्या जून-जुलैत त्या कंपनीच्या इतिहासातील पहिला संप केला. शेजारच्या एसके हायनिक्सलाही २०२३ साली ७.७ लाख कोटी वॉनचा तोटा होता. २०२४ साली तिला २३.५ लाख कोटींचा नफा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील संघटनेने करार केला : कामकाजाच्या नफ्यातील दहा टक्के हिस्सा कामगारांच्या बोनससाठी, आणि त्याला वरची मर्यादा नाही, त्यातील ऐंशी टक्के त्याच वर्षी द्यायचे आणि उरलेले दहा-दहा टक्के पुढच्या दोन वर्षांत. या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. तेजीतला थोडा दाणा पुढच्या वर्षांसाठी कणगीत ठेवायचा, हे त्यात आहे. ज्याला चक्र कळले, त्यानेच हे कलम लिहिले असणार.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आला आहे. साणंदला मायक्रॉनचा चिप जोडण्याचा आणि तपासण्याचा कारखाना जून २०२३ मध्ये मंजूर झाला. एकूण खर्च २.७५ अब्ज डॉलर. त्यात कंपनीचे जास्तीत जास्त ८२.५ कोटी डॉलर, बाकीचा मोठा भाग केंद्र आणि गुजरात सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. टाटांच्या धोलेरा येथील कारखान्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तो ९१,००० कोटी रुपयांचा, आणि त्यालाही सरकारी वाटा आहे. असे कारखाने निघावेत याविषयी माझ्या मनात दुमत नाही. परंतु जेथे भांडवलाचा एवढा भाग जनतेचा, तेथे मंदीच्या वर्षी कंत्राटी कामगाराला रातोरात दाराबाहेर काढले जाणार नाही आणि तेजीच्या वर्षी त्याचा वाटा ठरलेला असेल, ही अट मंजुरीच्या कागदातच असायला हवी. तेजी सुरू असताना असली अट घालता येते. मंदीत मालक म्हणतो, ‘आता कोठून देऊ?’ आणि तेव्हा तो खरेच बोलत असतो. मागण्याची वेळ चुकलेली असते.

मग करायचे काय?

ज्यांच्याजवळ चार पैसे आहेत त्यांना माझे सांगणे थोडके आहे. ग्रॅच्युइटीचा, लग्नाचा, आजारपणाचा पैसा या झोक्यावर बसवू नका. दहा-पंधरा वर्षे हात लावावा लागणार नाही असाच पैसा येथे यावा, आणि तोही एकदम नव्हे, थोडा थोडा. ‘विक्रमी नफा’ ही बातमी वाचाल तेव्हा त्याच बातमीत गोदामातील साठा किती, नव्या कारखान्यांवर खर्च किती, हे शोधा. भाव-नफ्याचा भागाकार फार लहान दिसला तर आनंदण्याआधी थांबा. आणि चहाच्या टपरीवर जेव्हा सगळे एकाच कंपनीचे नाव घेऊ लागतील, तेव्हा समजा की आपल्या आधी पुष्कळजण येऊन गेले आहेत.

ज्यांच्याजवळ पैसे नाहीत, फक्त नोकरी आहे, त्यांनीही ही तीन घड्याळे ओळखली पाहिजेत. आपला वेतनकरार कारखान्याच्या घड्याळात भरती असताना व्हावा, शेअरच्या घड्याळात पडझड सुरू झाली की सावध व्हावे, आणि साठा वाढतो आहे की घटतो आहे हे गोदामातल्या आपल्याच माणसाला विचारावे; त्याला ते कोणत्याही दलालाच्या आधी कळते. ताळेबंद ही मालकाच्या कपाटातील वस्तू नव्हे. तो सार्वजनिक कागद आहे, आणि सातवी-दहावी झालेल्या माणसालाही थोड्या चिकाटीने वाचता येतो. तो वाचण्याचा वर्ग आपल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ चालविता आला तर मी विनावेतन शिकवायला येईन, हे या व्यासपीठावरूनच सांगून ठेवतो.